कासोटा आणि पौरुष

मनुष्याने काय नेसावे हा प्रश्न विचारी माणसाने हाती घेण्याजोगा नाही, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. नीती, राज्य, कला यांची चर्चा करणाऱ्याने शिंप्याच्या दुकानात डोकावू नये, असे आपणांस वाटते. आगरकरांस मात्र तसे वाटले नाही. १८८८ साली 'सुधारक' काढून ज्यांनी महाराष्ट्राच्या जुन्या समजुतींस हादरे दिले, त्यांनीच स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत असे सांगण्यासाठी लेखणी उचलली आणि सोवळ्याचीही मीमांसा केली. रूढीचे बळ मोठमोठ्या सिद्धांतांत नसून रोजच्या खाण्यात आणि नेसण्यात असते, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा पुरुषाने घागऱ्यासारखे वस्त्र नित्याच्या व्यवहारात वापरावे की नाही, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार करण्यास आम्ही प्रवृत्त झालो, याबद्दल वाचक आम्हांस हसणार नाहीत अशी आशा आहे. हसले तरी हरकत नाही. कारण या लेखाचा विषय ते हसणेच आहे.

ज्या प्रसंगामुळे हा विचार आमच्या मनात घोळू लागला तो प्रथम सांगितला पाहिजे. दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवातील गोष्ट. आमचा भाचा पुण्यास नोकरीस असतो. दरवर्षीप्रमाणे तो गणपतीस आमच्याकडे यावयास निघाला आणि पनवेलीस गाडी बदलून निडीस उतरला. नागोठणे व रोहे यांच्या मधले हे लहानसे स्थानक आहे. सभोवार भाताची खाचरे. उतरणारी माणसे बहुतेक एकमेकांस ओळखणारी. भाच्याच्या अंगात पांढरा सदरा होता आणि कमरेस काळ्या सुती कापडाचा, घोट्यापर्यंत पोचणारा घेरदार घागरा होता. शहरात यास स्कर्ट म्हणतात. चेहऱ्यावर चांगली राखलेली दाढी, खांद्यावर पिशवी आणि हातात आमच्या बहिणीने दिलेला करंज्यांचा डबा. सोंग नाही, नखरा नाही; नेहमीसारखा तो पुढे आला आणि आमच्या पाया पडला.

फलाटावरच्या बाकावर आमचे एक वृद्ध शेजारी बसले होते. त्यांनी चौकड्याची लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून घेतलेली होती. ते हसले. त्यांचे पाहून आणखी दोघे हसले. आम्ही हसलो नाही, परंतु त्याहून वाईट गोष्ट केली. आम्ही हळूच म्हटले, "अरे, घरी पाहुणे आहेत. चार लोक काय म्हणतील? आधी हे बदल." तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, नानांच्या लुंगीला गाठ आहे, याला नाडी आहे. फरक एवढाच." आम्ही म्हणालो, "वाद नको." त्याने वाद केला नाही. आडोशास जाऊन त्याने पिशवीतील पाटलोण चढविली, घरी आला, आरतीस उभा राहिला, मोदक खाल्ले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने काही काम निघाल्याचे सांगून परत गेला. गेल्या वर्षी तो आला नाही.

आम्ही केले ते योग्य केले की अयोग्य, एवढाच प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपल्या समजुतींच्या बऱ्याच खोल कपाटांस हात घालावा लागतो.

पहिले उत्तर सर्वांच्या ओठांवर असते: ते बायकांचे वस्त्र आहे. ठीक, पण बायकांचे वस्त्र म्हणजे कोणते? दोन्ही पाय एकाच घेरात राहतात ते बायकी आणि दोन पायांस दोन वाटा असतात ते पुरुषी, असा नियम कोणी सांगेल. हा नियम महाराष्ट्रात तरी टिकत नाही. आपल्या आज्या-पणज्या जे नऊवारी लुगडे नेसत, त्यास कासोटा असे. म्हणजे ते दोन पायांत विभागलेले वस्त्र होते. त्याच लुगड्यात त्या शेतात चिखलणी करीत, लावणी करीत, झाडावर चढत. उलट मलबारातील पुरुष जे मुंडू नेसतो, ब्रह्मदेशातील पुरुष जी लोंजी नेसतो, आणि आमचे वृद्ध शेजारी जी लुंगी नेसून बाकावर बसले होते, त्यांपैकी एकासही कासोटा नाही. तेव्हा कासोटा हेच जर पौरुषाचे लक्षण मानले, तर आमच्या आजीस पुरुष आणि आमच्या शेजाऱ्यांस स्त्री म्हणण्याचा प्रसंग येईल.

घेराचे म्हणाल, तर मराठे सरदारांची जुनी चित्रे पाहावीत. कमरेपर्यंत घट्ट आणि तेथून खाली घोळदार पसरत गेलेला जामा घालून ते तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभे असतात. त्या घेरास कोणी बायकी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मोरपिसांची टोपी घालून पहाटे दारी येणारा वासुदेव घोळदार अंगरखा घालूनच गिरक्या घेतो. घरातील सुवासिनी त्यास सुपातून दाणे घालतात, हसत नाहीत. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर कोळी पुरुष कमरेस त्रिकोणी रुमाल बांधून होडीत उभा राहतो आणि त्याच्या मांड्या उघड्या पडतात म्हणून कोणी त्याच्या पौरुषाविषयी शंका घेत नाही. आणि पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी ज्यांस गुरू मानले, त्या गांधीजींनी १९२१ साली मदुरेस उर्वरित पोशाख टाकून आखूड पंचा स्वीकारला, आणि १९३१ साली त्याच पंच्यानिशी ते इंग्लंडच्या राजाच्या भेटीस गेले. चर्चिलसाहेबांस त्या वेषाचा संताप होता. परंतु त्या पंच्याने गांधीजींचे तेज रतीभरही कमी झाले नाही. कमी झाले असेल तर ते भेटीच्या दिवाणखान्याचे.

म्हणजे कापडाच्या आकारात दोष नाही. मग दोष आहे कोठे?

येथे आपल्या समाजाची एक चमत्कारिक रीत ध्यानात येते. पुरुषाने स्त्रीचे वस्त्र धारण करणे आपल्यास मुळीच वर्ज्य नाही. मात्र त्यास काही सबब असावी लागते. विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राहिलेल्या अर्जुनास अज्ञातवासाची सबब होती, म्हणून तो वीरच राहिला. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून पुढे कितीतरी दशके आपल्या रंगभूमीवरील सीता, शकुंतला आणि द्रौपदी हे पुरुषच होते. त्यांचा मुकुटमणी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. 'मानापमाना'तील भामिनी, 'स्वयंवरा'तील रुक्मिणी आणि 'एकच प्याला'तील सिंधू या भूमिकांत त्यांना पाहण्यासाठी लोक गाड्या जोडून येत. त्यांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. १९६४ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. पुरुष शालू नेसतो याची तेव्हा कोणास लाज वाटली नाही, उलट अभिमान वाटला. कारण रंगभूमीची सबब होती.

परंतु त्याच महाराष्ट्रात तमाशाच्या फडावरील नाच्याच्या वाट्यास काय आले? आनंद यादवांच्या 'नटरंग' या कादंबरीतील, आणि त्यावरून निघालेल्या २०१० सालच्या चित्रपटातील, गुणा हा पिळदार देहाचा, राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहणारा गडी. फडास नाच्या मिळत नाही म्हणून तो स्वतः नाच्या होतो, आणि त्या क्षणापासून गाव त्याचे पौरुष, त्याचा संसार, त्याची अब्रू सर्व काही हिरावून घेते. सबब येथेही कलेचीच होती. परंतु बालगंधर्वांच्या पाठीशी संगीत नाटकाची प्रतिष्ठा होती आणि गुणाच्या पाठीशी नव्हती. तेव्हा आपण वस्त्राकडे पाहत नसून वस्त्र नेसणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे आहे हे पाहत असतो, असा निष्कर्ष यातून निघतो. आमच्या भाच्याची खरी अडचण हीच होती. त्याच्यापाशी देव नव्हता, नाटक नव्हते, अज्ञातवास नव्हता. "मला हे बरे वाटते" एवढेच त्याचे म्हणणे होते, आणि या सबबीस आपल्याकडे किंमत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ज्या व्यक्ती पुरुषदेहाने जन्मल्या परंतु स्वतःस स्त्री मानतात, किंवा दोहोंपैकी काहीच मानीत नाहीत, त्यांचा प्रश्न निराळा आहे, आणि १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने त्यांची ओळख कायद्याने मान्य झालेली आहे. आमचा भाचा स्वतःस पुरुषच मानतो. त्यास स्त्री व्हावयाचे नाही. फक्त कमरेखाली पाटलोण नको आहे. लोकांस बहुधा हेच अधिक खटकते. तो दुसऱ्या कोणत्या तरी वर्गात जाऊन बसला असता तर आपण त्यास एक नाव देऊन मोकळे झालो असतो. आपल्याच वर्गात राहून तो नियम मोडतो, हे सोसत नाही.

वस्त्राच्या स्वातंत्र्याची बाजू मांडताना एका गोष्टीचा विसर पडता कामा नये. घागरा नेसलेला पुरुष नेहमी स्वतंत्रच असतो असे नाही. मरीआईचा पोतराज आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. वाढविलेले केस, कपाळी मळवट, कमरेस रंगीबेरंगी खणांच्या चिंध्यांचा घागरा, ज्यास आभरान म्हणतात, आणि स्वतःच्याच उघड्या अंगावर ओढलेला आसूड. हा पुरुष घागरा नेसे तो आवडीने नव्हे. कोणाच्या तरी नवसापायी, किंवा बापाचा वारसा म्हणून, लहानपणीच त्याचे केस राखले जात; आणि हे ओझे बहुशः मांग व महार समाजातील मुलांच्याच वाट्यास येई. त्याचे आभरान हे दारोदार मागून खाण्याचे आणि गावाने त्यास कोठे उभे करावयाचे याचे चिन्ह होते. आंबेडकरी चळवळीतून जागे झालेल्या पुरुषांनी त्या जटा कापून टाकल्या आणि आभरान उतरवून सदरा-पाटलोण घातली, तेव्हा ती पाटलोणच त्यांच्या स्वातंत्र्याचा ध्वज होती. याच रायगड जिल्ह्यात, महाड येथे, डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रहास जमलेल्या स्त्रियांस सांगितले होते की, ज्या लुगड्याच्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते टाकून द्या. वस्त्र ही क्षुल्लक बाब नाही, हे त्यांच्याइतके कोणी ओळखले नसेल.

तेव्हा एका पुरुषाने घागरा टाकणे हे स्वातंत्र्य, आणि दुसऱ्याने घागरा नेसणे हेही स्वातंत्र्य, यांत विसंगती आहे काय? आमच्या मते नाही. पोतराजाच्या अंगावर समाजाने वस्त्र लादले होते. आमच्या भाच्याच्या अंगावरून समाजाने, म्हणजे आम्ही, वस्त्र उतरविले. दोन्ही ठिकाणी माणसास विचारले गेले नाही. वस्त्राच्या नीतीची कसोटी ते कोणत्या आकाराचे आहे ही नसून, ते अंगावर कोणाच्या इच्छेने आले ही आहे.

परंतु एवढ्याने आमच्या मनाचे समाधान झाले नाही; कारण आम्हांस त्या दिवशी जी लाज वाटली तिचे मूळ अजून हाती लागले नव्हते. ते मूळ आम्हांस आपल्या भाषेत सापडले. भित्र्या माणसास आपण म्हणतो, "हातात बांगड्या भर." हरलेल्या पुढाऱ्याच्या दारी मोर्चे बांगड्यांचा आहेर घेऊन जातात. रडणाऱ्या मुलास आपण म्हणतो, "मुलीसारखा काय रडतोस?" याहूनही स्पष्ट अशी एक जुनी चाल होती. ज्या घरी मुलगे जगत नसत, तेथे नवा मुलगा झाला की त्याचे नाक टोचून त्यात नथ घालीत, त्यास परकर नेसवीत आणि मुलगी म्हणून वाढवीत. नथू हे नाव यातूनच आले. उद्देश असा की, मृत्यूने फसावे आणि ही मुलगी आहे असे समजून परत जावे. ज्या वस्तूस मृत्यूही हात लावणार नाही इतकी ती टाकाऊ, अशी त्या मायेच्या पोटी दडलेली समजूत होती. पोटच्या मुलास वाचविण्यासाठी आईने स्वतःच्याच जातीचा असा अपमान पत्करावा, याहून करुण गोष्ट कोणती?

फलाटावर जे हसू उमटले त्याचा उगम येथे आहे. स्त्रीने पुरुषाचे वस्त्र घेतले तर ती एक पायरी चढली असे आपण मानतो, आणि पुरुषाने स्त्रीचे घेतले तर तो एक पायरी उतरला असे मानतो. प्रारंभी चढणाऱ्या स्त्रीसही समाजाने छळले आहे. जोडे घालून आणि छत्री घेऊन रस्त्याने जाणाऱ्या स्त्रीस एकोणिसाव्या शतकात याच महाराष्ट्राने हसून घेतले. पॅरिस शहरात स्त्रियांनी परवान्यावाचून पाटलोण घालू नये असा १८०० साली काढलेला हुकूम रद्दबातल असल्याचे सरकारने स्पष्टपणे सांगितले ते २०१३ साली. तथापि आज आपल्या मुली पाटलोण घालतात, पोलिसांतील स्त्रिया खाकी गणवेशात उभ्या राहतात, आणि आपल्यास अभिमान वाटतो. उलट दिशेने जाणाऱ्यास मात्र अद्याप हसू सोसावे लागते. जर स्त्रीत्व हीन नसेल, तर तिच्या वस्त्रासारखे वस्त्र नेसल्याने पुरुष हीन कसा होईल? आणि तो हीन होतो असे ज्यास वाटते, त्याने आपल्या आईविषयी, पत्नीविषयी आणि मुलीविषयी आपल्या मनात नेमके काय आहे, हे एकदा तपासून पाहावे. आम्ही तपासले, आणि जे आढळले ते आम्हांस आवडले नाही.

येथे कोणी विचारील की, मग रूढीस काहीच मान नाही काय? पोशाख ही समाजाची एक भाषा आहे. प्रत्येकाने आपापले व्याकरण करावयाचे ठरविले, तर बोलणे कोणास समजणार? सुतकाच्या घरी भरजरी वस्त्र घालून कोणी जात नाही, न्यायालयात वकील डगला घालतो, देवळाच्या पायरीशी आपण जोडे काढतो. घरातील वडीलधाऱ्या माणसांस बरे वाटेल असे वागणे हाही धर्मच आहे. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. त्या दिवशी आम्ही जे केले त्याचा आधार हाच होता.

परंतु याचे उत्तर आहे. भाषा जिवंत राहते ती नवे शब्द सामावून घेऊन. ज्या पाटलोणीस आम्ही त्या दिवशी कुलाचाराचा मान दिला, तिलाच आमच्या पणजोबांनी देवघराचा उंबरा ओलांडू दिला नसता. सुतकाच्या घरी भरजरी वस्त्र न घालण्यात दुसऱ्याच्या दुःखाची कदर आहे. भाच्याच्या घागऱ्याने कोणाचे कोणते दुःख वाढणार होते? दुसऱ्यास इजा होणे आणि दुसऱ्यास चमत्कारिक वाटणे यांत अंतर आहे, आणि रूढीचा मान राखण्याच्या नावाखाली आपण हे अंतर पुष्कळदा पुसून टाकतो. राज्यांनीही ते पुसून पाहिले आहे. स्कॉटलंडातील डोंगरी लोकांचे बंड मोडल्यावर इंग्रज सरकारने १७४७ पासून त्यांच्या पुरुषांस घागऱ्यासारखा किल्ट नेसण्यास बंदी केली. १७८२ साली ती उठवावी लागली, आणि आज तोच किल्ट त्या देशाच्या पुरुषांचा मानाचा पोशाख आहे. अलीकडची गोष्ट पाहावयाची तर २०१७ च्या जून महिन्यात युरोपात कडक उन्हाळा पडला. फ्रान्समधील नांत शहरी बसचालकांस आखूड विजार घालण्याची परवानगी नव्हती, आणि इंग्लंडातील एक्सेटर येथील एका शाळेच्या मुलांचेही तेच गाऱ्हाणे होते. दोन्ही ठिकाणी त्यांनी घागरे घातले. स्त्रियांस जे चालते ते आम्हांस का नको, एवढाच त्यांचा प्रश्न होता. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत घामाने चिकटलेल्या पाटलोणीत ज्याने कोकणातील एक दुपार काढली आहे, त्यास हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही.

वडीलधाऱ्यांचे मन राखण्याविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. त्या दिवशी आम्ही भाच्यास ज्या चार लोकांचे भय घातले, त्यांपैकी एकानेही घरी आल्यावर त्याच्या पोशाखाविषयी विचारले नसते, असे आमचे म्हणणे नाही. विचारले असते. कोणी टोमणाही मारला असता. परंतु त्या टोमण्यास उत्तर देणे हे मामाचे काम होते. ते काम आम्हांस जड वाटले, म्हणून आम्ही त्याचे ओझे मुलावर टाकले आणि त्यास कुलाचार हे नाव दिले. आपल्यापैकी पुष्कळांचा रूढीविषयीचा आदर असा असतो. त्यात आदर थोडा आणि संकोच फार. पुढे त्याच संध्याकाळी, पाऊस उघडल्यावर, आम्ही अंगणात लुंगी नेसून बसलो होतो आणि भाचा पाटलोणीत अवघडून ओटीवर बसला होता, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आमच्या वृद्ध शेजाऱ्यांपाशी आम्ही अलीकडे हा विषय काढला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आम्हांला काय, चमत्कारिक दिसला म्हणून हसलो. दोन दिवसांनी विसरलोही. तुम्ही त्याला कशाला बदलायला लावलंत?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

यंदाचा गणेशोत्सव जवळ आला आहे. पेणेच्या कारखान्यांतून मूर्ती निघू लागल्या आहेत. मातीच्या त्या देवास कोणी घोळदार पितांबर रंगविला आहे, कोणी शेला. आम्ही भाच्यास पत्र लिहिले. त्यात झाल्या गोष्टीबद्दल चूक कबूल केली, आणि गाडीची वेळ कळव, निडीस घ्यावयास येतो, असे लिहिले. कपड्यांविषयी काही लिहिले नाही.